दहा मुखवटे आणि एक मशीद

कमल हासनचा ‘दशावतारम’ हा काही पडलेला सिनेमा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. १३ जून २००८ ला तो आला आणि तुफान चालला. हिंदीत डब होऊन ‘दशावतार’ या नावानं आपल्याकडेही पोचला. तरी माझी त्यानं घोर निराशा केली. टीव्हीवर लागला की थोडा वेळ बघतो आणि दर वेळी तितकाच वैतागतो. ‘पुष्पक’मध्ये एक शब्द न बोलता खिळवून ठेवणारा हा नट इथं दहा तोंडांनी बोलतो, आणि हाती फारसं काही लागत नाही.

एकाच नटानं अनेक भूमिका करण्यात वावगं काही नाही. आपल्याकडे ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकरांनी पाच रूपं उभी केली. पण ती पाच माणसं नव्हतीच, एकच लबाड इसम पाच नावांनी वावरत होता. प्रेक्षकाला तो कळतो आणि कोर्टात मात्र शपथेवर नाकबूल होतो, सगळं नाटक त्यावर उभं आहे. तमिळमध्ये १९६४ साली शिवाजी गणेशन यांनी ‘नवरात्री’त नऊ भूमिका केल्या. घर सोडून निघालेल्या मुलीला नऊ रात्री नऊ पुरुष भेटतात, प्रत्येकात एकेक रस. संजीव कुमारचा ‘नया दिन नई रात’ त्याचाच हिंदी अवतार. तिथं आकड्याला कारण होतं. ‘दशावतारम’मध्ये दहाच का? विष्णूचे अवतार दहा म्हणून. अमेरिकी मारेकरी फ्लेचर, अध्यक्ष बुश आणि जपानी मल्ल हे तिघे एकाच माणसानं का करायचे, याचं उत्तर सिनेमात कुठंच मिळत नाही.

मग उरते ती रंगभूषा. मायकल वेस्टमोर हा हॉलिवूडचा नावाजलेला कारागीर. ‘इंडियन’मधला म्हातारा सेनापती त्याच्याच हातचा. पण तिथं मुखवट्याआडून कमलचे डोळे बोलत होते. इथं गाल हलत नाहीत, ओठ जेमतेम उघडतात आणि फ्लेचरचा चेहरा उन्हात ठेवलेल्या मेणासारखा दिसतो. ज्याचा चेहरा हेच भांडवल, त्यानं तो रबराखाली पुरला. सिनेमातला सर्वांत जोरकस भाग सुरुवातीचा, बाराव्या शतकातला. शैव चोळ राजा गोविंदराजाची मूर्ती समुद्रात बुडवतो आणि रंगराजन नंबी मूर्तीसोबत बुडतो, पण नमत नाही. या भागात कमल बराचसा स्वतःच्या चेहऱ्यानं दिसतो, हा योगायोग नसावा.

पुढची गोष्ट म्हणजे अमेरिकेतून निसटलेली जीवघेण्या विषाणूची कुपी आणि तिच्यामागची धावपळ. यात पंजाबी गायकाच्या घशातून गोळी आरपार जाते आणि त्याचा कर्करोगच काढून नेते. इथं हसावं की रडावं कळत नाही. मात्र तेलुगू अभिमानानं फुगलेला गुप्तचर अधिकारी बलराम नायडू फक्कड जमलाय. वाळूचोरांशी लढणारा दलित कार्यकर्ता पूवराघन लाटेत मरतो आणि सोवळ्यातली वेडसर म्हातारी आपला हरवलेला मुलगा समजून त्याचं प्रेत कवटाळते, त्या क्षणी गलबलून येतं. एवढ्या एका प्रसंगावर दुसरा दिग्दर्शक अख्खा सिनेमा उभा करील.

आता खलिफुल्ला खानकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथं आहे. तो मुसलमान आहे, भला आहे, थोडा बावळा आहे आणि अवाढव्य उंच आहे. भला मुसलमान दाखवल्याबद्दल आभार मानायची आपल्याला सवय लागलीय. मला प्रश्न पडतो तो त्याच्या पठाणी बांध्याचा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या बहुसंख्य मुसलमानांची मातृभाषा तमिळ. मरक्कायर, रावुत्तर, लब्बै ही मंडळी दिसण्यात, खाण्यात, बोलण्यात शेजाऱ्यासारखीच. सतराव्या शतकात उमरू पुलवर यांनी पैगंबर मुहंमद (स.) यांचं चरित्र तमिळ काव्यात लिहिलं. पण पडद्यावर मुसलमान म्हटला की तो कुठून तरी आलेला दिसला पाहिजे. “तुम्ही मराठी छान बोलता हो,” हे कौतुक ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. शेख महंमद श्रीगोंदेकरांना मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून चारशे वर्षं होत आली, तरी हे कौतुक काही थांबत नाही.

याहून बोचतो तो शेवट. नायकाला मदत केल्याच्या संशयावरून पोलिस त्या वस्तीतल्या मुसलमानांना चौकशीसाठी मशिदीत रोखून ठेवतात. मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी येते, घरी असते तर बुडाले असते ते मशिदीत असल्यानं वाचतात. म्हणजे पोलिसांनी डांबलं हीच कृपा! समुद्राच्या मिठानं विषाणूही मरतो, म्हणून लाटही कृपाच. त्या लाटेनं एकट्या तमिळनाडूत आठ हजारांच्या आसपास माणसं नेली, बहुतेक नागपट्टिणम जिल्ह्यातली. साडेतीन वर्षांत त्यांच्या मरणाचा पटकथेतली गाठ सोडवण्यासाठी वापर झाला. कमल स्वतःला नास्तिक म्हणवतो, देव आहे की नाही हे सिनेमा मोघम ठेवतो. ते ठीक आहे. पण संशयावरून कोंडलेल्यांना कोंडणाऱ्याचे उपकार मानायला लावणं यात मोघम काही नाही. ज्यांच्या मोहल्ल्यात रात्री चौकशीची गाडी येऊन गेलीय, त्यांना हा विनोद पचणं अवघड आहे.

आणि त्या दिवशी खरं काय घडलं? चिदंबरमजवळ परंगीपेट्टै नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे, मुसलमान वस्तीचं. दिवस रविवारचा, गावात लग्नाचं जेवण शिजत होतं. लाट आल्याचं कळताच जमातीची माणसं आजूबाजूच्या कोळीवाड्यांकडे धावली. लोकांना बाहेर काढलं, प्रेतं उचलली आणि लग्नासाठी रांधलेलं अन्न सगळं गमावून बसलेल्या हिंदू कोळ्यांना वाढलं. सरकारी मदत पोचायच्या आधीची ही गोष्ट. पुढेही कित्येक दिवस जमातीच्या चुली पेटत राहिल्या.

सिनेमाची सुरुवात ज्या चिदंबरमच्या मूर्तीपासून होते, तिथून हे गाव हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. तोच दिवस, तोच समुद्र, तेच मुसलमान. पण पटकथेत ते मशिदीत बसून वाचवले जाण्याची वाट बघतात. या खऱ्या गोष्टीत कमल हासननं कुठली भूमिका करावी असं कुणी मला विचारलं, तर मी म्हणेन, बिर्याणीची देग उचलून किनाऱ्याकडे निघालेल्या एखाद्याची. एकच, आणि स्वतःच्या चेहऱ्यानं.