परदेशची रुई आणि शुल्काध्यक्ष

देवापुढील फुलवात, पूजेंतील कापसाचें वस्त्र आणि गळ्यांतील यज्ञोपवीत या तीन गोष्टी कापसावांचून होत नाहींत. आणि यवतमाळ जिल्ह्यांत त्यांसाठीं कापूस दुकानांतून आणण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. शेत राखून असलेल्या एखाद्या आप्ताकडून पहिल्या वेचणीचा चार ओंजळी कापूस घरीं येतो, सरकी काढली जाते आणि वडील बायका दुपारच्या निवांत वेळीं वर्षाच्या वाती वळून डब्यांत भरून ठेवितात. अशा घरांतील मनुष्यास, आपला देश परदेशांतून जहाजें भरून कापूस आणितो असें सांगितलें, तर गंगेच्या कांठीं राहून पाणी विकत घेण्यासारखाच तो प्रकार त्याला वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे. आणि ती राळेगांव, घाटंजी, पांढरकवडा, वणी या बाजूच्या प्रत्येक संसाराशीं निगडित असल्यामुळें या मासिकाच्या वाचकांनीं ती नीट समजून घ्यावी असें वाटतें.

कापसाचा व्यापार १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असें वर्ष धरितो. २०२४-२५ या वर्षांत भारतांत सुमारें चाळीस लाख गाठी रुई बाहेरून आली. गाठ म्हणजे १७० किलो. त्याच वर्षीं आपण बाहेर धाडलेल्या गाठी वीस लाखांच्याही आंत होत्या. याच देशानें २०११-१२ मध्यें जवळजवळ १३० लाख गाठी जगास विकल्या होत्या, आणि २०१३-१४ मध्यें येथील पीक ३९८ लाख गाठींपर्यंत पोहोंचलें होतें. २०२४-२५ मध्यें तें तीनशे लाखांच्या आगेमागें राहिलें. दाता याचक कसा झाला हें या चार आंकड्यांत आलें.

माल देणारे देश कोणते? ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्राझील आणि ईजिप्त हे मुख्य. त्यांमागून माली, बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानिया हे आफ्रिकेंतील देश. यांपैकीं ब्राझीलकडे विशेष लक्ष द्यावें. २०२३-२४ मध्यें त्यानें अमेरिकेस मागें टाकून कापूस-निर्यातींत पहिला क्रमांक मिळविला. तेथील मातो ग्रोसो प्रांतांत कापूस आपल्या आषाढ-श्रावणांत निघतो, सान्तोस बंदरांत येतो, आणि दीड-दोन महिन्यांचा समुद्रप्रवास करून आपल्या किनाऱ्यास लागतो तेव्हां आमच्याकडे शीतादही होऊन वेचणीस आरंभ झालेला असतो. ऑस्ट्रेलियाचा माल वैशाख-ज्येष्ठांतला. म्हणजे कोणत्या देशाचा माल येतो याइतकेंच तो कोणत्या महिन्यांत येतो हेंही महत्त्वाचें आहे. हा मुद्दा पुढें लागणार आहे.

आतां जकातीकडे वळूं. कित्येक वर्षें परदेशच्या रुईवर येथें कर नव्हता. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकांत तो बसविला गेला: मूळ आयात-शुल्क शेंकडा ५, कृषि-पायाभूत सोयींसाठीं अधिभार शेंकडा ५, आणि या दहांवर समाजकल्याणाचा दशांश म्हणजे आणखी १, मिळून शेंकडा ११. यास दोन वाटा मोकळ्या राहिल्या. ऑस्ट्रेलियाशीं झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलांत आला. त्यान्वयें तेथील ५१,००० टन रुई, म्हणजे बरोबर तीन लाख गाठी, दरवर्षीं करावांचून येऊं शकते. दुसरी वाट फेब्रुवारी २०२४ मध्यें उघडली गेली. ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या रुईवरील कर माफ झाला. हा धागा येथें फार थोडा पिकतो, आणि तलम सुतास त्यावांचून गत्यंतर नाहीं. यास कोणा शेतकऱ्यानें हरकत घेण्याचें कारण दिसत नाहीं.

संस्कृताचा अभ्यास केलेल्या माणसास येथें कौटिल्याची आठवण होणें साहजिक आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्ष नांवाचा एक अधिकारी आहे. नगराच्या महाद्वाराजवळ, पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करून, त्यानें आपली शुल्कशाला मांडावी आणि निशाण उभारावें. बाहेरून येणाऱ्या मालावर किंमतीचा पांचवा भाग हा सामान्य नियम. फळें, फुलें, भाजी यांवर सहावा. आणि सूत, कापूस, वस्त्र यांवर विसावा किंवा पंचविसावा. म्हणजे कापसावर शेंकडा चार-पांच. आमच्या अकरांच्या निम्म्याहूनही कमी. (लग्न, चौल, मुंज, यज्ञ यांच्या सामानास मात्र नाक्यावर पूर्ण सूट होती. मुंजीचा खर्च पाहतां आजही ती कित्येक पित्यांस हवीशी वाटेल.) तथापि दरांहूनही मोलाचा आहे तो त्या अध्यायाच्या अखेरीस दिलेला कस. जो माल राष्ट्रास पीडा करील आणि निष्फळ असेल तो थांबवावा. जो फार उपकारक असेल तो, आणि दुर्मिळ बीं, हीं शुल्कावांचून येऊं द्यावीं. दोन हजार वर्षांपूर्वींचा हा कस आजच्या रुईस लावून पाहण्यासारखा आहे. अडचण एवढीच कीं, तीच गाठ कोइमतुरच्या गिरणीस उपकारक आणि राळेगांवच्या शेतकऱ्यास पीडाकर असूं शकते.

जकात कोणाच्या सोयीनें लावावी किंवा काढावी, हा तंटा वऱ्हाडास नवा नाहीं. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं गेलें तें येथील काळ्या जमिनीसाठींच, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवीनें मँचेस्टरचा कापूस तुटला आणि येथील भाव गगनास भिडले. यादवी संपतांच ते कोसळले. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोहोंचली. पुढें यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट झाली. जिला आपण लाडानें शकुंतला म्हणत आलों ती याच कापसाची वाहक होती. आतां ती धावत नाहीं. येथून कच्चा माल मोकळ्या वाटेनें जात असे. कापड होऊन परतलेल्या मालावर १८९६ मध्यें सरकारनें शेंकडा साडेतीन कर ठेविला खरा, पण मँचेस्टरास तोही सलूं नये म्हणून येथील गिरण्यांच्या कापडावर तेवढाच साडेतीन टक्के कर लादला! लोकमान्यांनीं केसरींतून त्यावर कोरडे ओढले. हा कर स्थगित होण्यास डिसेंबर १९२५ उजाडला आणि १९२६ मध्यें तो रद्द झाला. त्या वेळीं गिरणीवाला आणि शेतकरी एका बाजूस होते आणि मँचेस्टर दुसऱ्या. आज प्रतिपक्ष साता समुद्रांपलीकडे नसून दोघेही एकाच घरांतले आहेत; म्हणून हा तंटा अधिक नाजुक झाला आहे.

शेंकडा ११ चा हा कर सर्व प्रकारच्या रुईवरून २०२५ अखेरपर्यंत दोनदां उचलला गेला. पहिल्यांदा १४ एप्रिल २०२२ रोजीं, प्रथम सप्टेंबरअखेर आणि मग ३१ ऑक्टोबरपर्यंत. त्या उन्हाळ्यांत रुईचा खंडीस भाव लाख रुपयांपर्यंत चढला होता, कापूस क्विंटलला दहा हजारांवर विकला जात होता, आणि मुख्य म्हणजे चैत्र-वैशाखांत बहुतेक शेतकऱ्यांच्या घरांतून तो निघून गेलेला होता. गिरण्यांचा श्वास कोंडला होता, सूट मिळाली, येथें फारशी हाकाटी झाली नाहीं.

दुसरी सूट १८ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाली; पोळ्यास चार दिवस उरले असतां. प्रथम ती ३० सप्टेंबरपर्यंत होती. पण सहा आठवड्यांत परदेशीं सौदा करून माल येथें उतरविणें दुर्घट, हें व्यापाऱ्यांनीं तत्काळ सांगितलें. इकडे २७ ऑगस्टपासून, ऐन गणेशचतुर्थीस, अमेरिकेनें भारतीय मालावर शेंकडा ५० पर्यंत जकात बसविली. आणि दुसऱ्या दिवशीं आपल्या सरकारनें रुईच्या सुटीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. तो दिवस ऋषिपंचमीचा, बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य करण्याचा. योगायोगच, पण बैल राखणाऱ्यास तो लागला असल्यास नवल नाहीं. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंतची सारी वेचणी त्या मुदतींत सांपडली.

यावर कोणी म्हणेल, हमीभाव आहे ना? आहे. २०२५-२६ साठीं लांब धाग्याच्या कापसास तो क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. परंतु भाव पडण्यास गाठ बंदरास लागावी लागत नाहीं, वार्ता पुरते. सूट जाहीर होतांच दोन-तीन दिवसांत कापूस महामंडळानें आपल्या सांठ्यांतील रुईचा विक्रीदर खंडीमागें अकराशे रुपयांनीं उतरविला. शाळेंतील त्रैराशिक येथें उपयोगीं पडेल. खंडी ३५६ किलोंची. एका क्विंटल कापसांतून सुमारें ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे खंडीस दहा क्विंटलांहून किंचित् अधिक कापूस लागतो, आणि खंडीमागें अकराशे म्हणजे क्विंटलमागें एकशें आठ रुपये. आंकडा लहान दिसतो. पण हा उतार पेरणी, खत, फवारणी सर्व होऊन बोंड धरण्याच्या वेळीं आला. आतां पीक बदलतां येत नाहीं आणि केलेला खर्च परत येत नाहीं. त्या हंगामांत खासगी खरेदीचे भाव हमीभावाच्या बरेच खालीं राहिले.

हमीभावानें विकावें तर मार्ग महामंडळाच्या केंद्रावरून जातो. त्यासाठीं २०२५ पासून भ्रमणध्वनीवरील 'कपास किसान' या अॅपवर नोंद करणें आलें, सातबारा व आधार जोडणें आलें. शिवाय ओलाव्याची अट: शेंकडा ८ पर्यंत पूर्ण भाव, तेथून १२ पर्यंत कपात, त्यापुढें माल परत. परतीचा पाऊस लांबला कीं पहिल्या वेचणीच्या कापसांत बारांहून अधिक ओल असते हें कोणतीही शेतकरीण हातानें सांगेल. ज्यास दिवाळीस किराण्याची उधारी भागवावयाची आणि मजुरांची वेचाई त्याच दिवशीं द्यावयाची आहे, त्यास कापूस वाळवीत बसणें परवडत नाहीं. तो दारांत आलेल्या व्यापाऱ्यास माल घालतो. महामंडळानें २०२४-२५ मध्यें शंभर लाख गाठींच्या घरांत खरेदी केली हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु सर्वांत गरजू मनुष्य बहुधा त्या रांगेंत नसतो.

गिरणीवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे; ती खोटी नाहीं. पन्नास टक्के जकातीखालीं अमेरिकेंत कपडा विकणाऱ्या तिरुपुरास व्हिएतनाम आणि बांगलादेश यांच्याशीं झुंजावयाचें होतें, ज्यांवर त्याच वेळीं वीस टक्केच कर होता. त्यांतून आमची रुई हातानें वेचलेली असूनही तींत प्लास्टिकच्या पिशव्यांचे धागे, केस, पालापाचोळा मिसळलेला असतो, आणि ब्राझील-ऑस्ट्रेलियाची यंत्रानें काढलेली गाठ मात्र स्वच्छ येते. हा दोष आमच्या वेचणीच्या पिशवीपासून जिनिंगच्या अंगणापर्यंत पसरला आहे. जकातीनें तो जाणार नाहीं.

तसाच उत्पन्नाचा प्रश्न. भारतांत हेक्टरीं रुई साडेचारशें किलोंच्या आसपास. ब्राझीलमध्यें तिच्या चौपट, ऑस्ट्रेलियांत बहुधा त्याहूनही अधिक. ऑस्ट्रेलियांत बहुतांशीं पाटाचें पाणी आहे आणि आमची शेती आभाळाकडे पाहणारी आहे, हें खरें. परंतु ब्राझीलमधील बहुतेक कापूसही पावसावरच पिकतो, तेव्हां सगळें पाण्यावर ढकलतां येत नाहीं. येथें कौटिल्याच्या वचनांतील दुसरा अर्धा भाग आठवावा: दुर्मिळ बीं. २००२ मध्यें बीटी बियाण्यास परवानगी मिळाली आणि दहा वर्षें पीक वाढत गेलें. पुढें गुलाबी बोंडअळीनें त्या बियाण्यास दाद देईनाशी केली. २०१७ च्या पावसाळ्यांत याच जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. कर्जापायीं जीव देणाऱ्यांची गणना त्याहून वेगळी आणि फार मोठी. नागपुरास १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकांत पांच वर्षांची कापूस-उत्पादकता मोहीम जाहीर झाली. रुईपेक्षां नवें बीं लवकर आलें असतें, तर आयातीची चर्चा निराळी झाली असती.

प्रस्तुत लेखकाचें मत विचाराल तर लांब धाग्यास कायमची सूट असावी; सामान्य रुईस सूट द्यावयाचीच झाली तर ती चैत्र ते श्रावण एवढ्या मुदतीची असावी, आणि ती केव्हां संपणार हें पेरणीपूर्वीं, मृगाच्या आधीं, छापून प्रसिद्ध व्हावें. म्हणजे गिरणीस आपला सौदा करतां येईल, आणि कापूस लावावा कीं सोयाबीन हें शेतकऱ्यास ठरवितां येईल. २०२२ मध्यें हें थोडेंबहुत आपोआप जुळून आलें होतें. २०२५ मध्यें पंचांग उघडून पाहिलें असतें तरी पुरतें.