डिपॉझिट भरण्याआधी एक प्रश्न विचारा

गेल्या पावसाळ्यात गव्हाणचे एक काका छातीत दुखतं म्हणून माझ्याकडे आले. ईसीजी पाहिला आणि लगेच पुढे पाठवलं. चार दिवसांनी मुलगा भेटायला आला. अँजिओप्लास्टी व्यवस्थित झाली होती, पण आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. ‘योजना विचारलीस का?’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘डॉक्टर, आमचं रेशनकार्ड पांढरं. आम्हाला कुठली योजना?’

हा गैरसमज आपल्या भागात फार खोल रुजलाय, आणि त्याला कारणही आहे. रायगड जिल्ह्यात ही सोय 2012 साली, राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून, पहिल्याच टप्प्यात आली. तेव्हा ती फक्त पिवळ्या आणि केशरी कार्डासाठी होती. शेती सिडकोत गेली, मोबदल्याचे पैसे घर बांधण्यात आणि लग्नांत संपले, तरी कार्ड पांढरंच राहिलं. अशा घरांना सरकार श्रीमंत समजत होतं आणि मेडिक्लेमचा हप्ता त्यांना परवडत नव्हता.

आता नियम बदललाय. 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असं नाव मिळालेली तीच योजना 2020 मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. 1 जुलै 2024 पासून ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, पांढऱ्यालासुद्धा, आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाख झाली आहे. ही रक्कम वर्षाला, संपूर्ण कुटुंबासाठी. जुना आजार असला तरी चालतो, हप्ता शून्य. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर ऑक्टोबर 2024 पासून केंद्राच्या योजनेत त्यांना उत्पन्न न पाहता पाच लाखांचं संरक्षण मिळतं. त्यासाठी आधार कार्डावरून वेगळं कार्ड काढावं लागतं.

माझं मत विचाराल तर, गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात चांगला आरोग्य निर्णय आहे. पण कार्ड म्हणजे खाट नव्हे. योजना फक्त अंगीकृत रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच चालते. पॅकेजचे दर परवडत नाहीत अशी खासगी रुग्णालयांची तक्रार आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. दर वाढवल्याशिवाय आणि पैसे वेळेवर दिल्याशिवाय चांगली रुग्णालयं टिकणार नाहीत, हे सरकारला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

दुसरी उणीव मला रोज दिसते. ही योजना भरती झालेल्या माणसाची आहे. बीपी-शुगरची रोजची गोळी तिच्यात बसत नाही, आणि ती गोळी पैशांपायी बंद केलेला माणूसच पुढे अँजिओप्लास्टीला येतो. त्या काकांनीही दोन महिने गोळ्या घेतल्या नव्हत्या. खरं तर 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत, आणि आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र गावातच आहे. तिथे जायला लाजू नका.

आता कामाचं. योजना कॅशलेस आहे, आधी बिल भरून नंतर पैसे परत मागता येत नाहीत. त्या मुलाचं नेमकं इथेच चुकलं, किंवा खरं सांगायचं तर त्याला कोणी सांगितलंच नाही. डिपॉझिटच्या खिडकीवर जाण्याआधी ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ असं विचारा. अंगीकृत रुग्णालयात त्यांचं टेबल असतं, पूर्वमंजुरीचं काम तेच पाहतात. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात. जवळ कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते 155388 किंवा 14555 वर कळतं.

रेशनकार्डावर सुनेचं, नातवाचं नाव चढलंय का, तेही या आठवड्यात बघून घ्या. भरतीच्या रात्री ते काम होत नाही.