दगड लावा, पट्ट्याची वाट बघत बसू नका



मागच्या बैठकीत काही पोरं बोलली की पट्टा अजून हातात नाही, उद्या फॉरेस्टवाले येऊन काढतील, मग आज कंबर मोडून प्लॉटात दगडाचे बांध कशाला घालायचे? पट्टा मिळू दे, मग बघू. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आम्हाला हे बोलणं पटलं नाही. तिथं आम्ही गप्प बसलो ही आमची चूक, म्हणून आता लिहितो.

आधी मातीचं बघू. आपल्या जव्हार-मोखाड्याकडच्या प्लॉटांत सपाट असं किती आहे? सगळी वरकस, उताराची. पाऊस पडतो तो धो धो, चार महिन्यांत सगळा. नागली-वरईची रोपं लावली की पहिले पंधरा-वीस दिवस जमीन उघडीच असते, आणि जोराचा पाऊस नेमका तेव्हाच येतो. ओहळ लाल होऊन वाहतो तो आपल्या प्लॉटाचा रंग आहे. जिथं आजोबा नांगर धरायचे तिथं आज फाळ कातळाला लागतो, हे प्रत्येक पाड्यावर कुणी ना कुणी सांगतं. आणि लोक म्हणतात पट्टा मिळू दे. अहो, तोवर माती गेली तर पट्टा काय कातळाचा घ्यायचा?

आमच्या पाड्यावर एका आजीचा प्लॉट आहे, चांगलाच उताराचा. तिच्या सासऱ्याने घातलेले तीन बांध अजून उभे आहेत. शेजारच्या प्लॉटात घळ पडलीय, माणूस उभा मावेल एवढी. आजीच्या प्लॉटात बांधाच्या वरच्या अंगाला माती कंबरेइतकी साचलीय, खालच्या अंगाला दगड उघडे दिसतात. ती म्हणते, सासरा रोज संध्याकाळी घरी यायच्या आधी दोन-चार दगड लावायचा. बास. कुठली योजना नाही, इंजिनियर नाही.

आता आपली पोरं बांध घालतात ते पहिल्याच पावसात का ढासळतात? कारण नुसता ढीग घालतात. बारीक दगड खाली, मोठा वर, दिसायला छान. मोठा दगड पायाला पाहिजे. आधी कठीण जमीन लागेपर्यंत चर खणा, मग दोघांना मिळून हलवावा लागेल असा दगड त्यात बसवा. ओढ्यातला गोल गोटा नको, तो घरंगळतो, कोनाचा काळा दगड घ्या. लांब दगडाचं टोक बांधाच्या पोटात गेलं पाहिजे, आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. फटीत कपच्या ठोका. माती किंवा सिमेंट लिंपू नका, पाणी फटीतून जाऊ दे, माती तेवढी मागं राहिली पाहिजे. पाणी अडून बसलं तर बांधाला ढकलून देतं. बांध उताराला आडवा आणि सगळीकडे एका पातळीत पाहिजे. पातळी डोळ्याने धरू नका, डोळा फसवतो. पाणी भरलेली नळी दोघांनी धरली की कळतं. घळीत बांध घालाल तर मधला भाग दोन्ही काठांपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी मधून सांडेल, काठ पोखरणार नाही. पाणी पडतं तिथंही दगड अंथरा. आणि काम माथ्यावरून सुरू करा. खाली मोठा बांध घातला आणि वरून पाणी सुसाट आलं तर मेहनत वाया.

एक मात्र सांभाळा. डोंगराच्या अंगात रुतलेले दगड पहारीने उपटू नका, तेच तर उतार धरून आहेत. शेतात सुटे पडलेत तेवढेच गोळा करा.

आता पट्ट्याचं. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. नियम 13 मध्ये पुरावे दिलेत. त्यात जमिनीवर केलेल्या कायमच्या सुधारणा, सपाटीकरण, बांध, बंधारे, हे सरळ लिहिलंय. दंडाची पावती नसली तरी दगड आहे. दोन पुरावे लागतात : एक आजीचा बांध, दुसरा गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब. झाले दोन. म्हणून वनहक्क समिती स्थळपाहणीला आली की तिला आधी जुन्या बांधावर न्या. दगडावर शेवाळ, दगडफूल चढलंय, बांधातून करवंदीची जाळी वाढलीय, माती किती साचलीय, हे सगळं पंचनाम्यात लिहून घ्या. तोंडी सांगून सोडू नका. दावा नामंजूर झाला तरी 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे जाता येतं, तिथं हाच पंचनामा कामाला येतो.

पण नवा बांध जुना म्हणून दाखवू नका. असं करायचा विचार काहींच्या मनात आहे, आमच्या कानावर आलंय. जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असल्याचं दाखवावं लागतं, आणि कालचा दगड कालचाच दिसतो. एक खोटा सापडला की आजीचा खरा बांधही खोटा ठरवतील. नवा बांध मातीसाठी घाला, तो नवाच म्हणून सांगा. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम 4(5) प्रमाणे कुणाला जमिनीवरून काढता येत नाही. तेव्हा पोरांनी "उद्या काढतील" म्हणून पहार खाली ठेवू नये.

गंमत बघा. आपल्या प्लॉटात झाडं लावायला कुणी चर मारले तर ते जलसंधारण, आपण दगड लावला तर अतिक्रमण. रोजगार हमीत बांध मागायला जा, तर पट्टा नाही म्हणून काम नाही. आणि पट्टा मागायला जा, तर जमिनीवर काम दिसत नाही म्हणतात.

शेवटचं, दगडाच्या गाड्यांचं. काही पाड्यांवर रस्त्याच्या कामासाठी ठेकेदार दगड उचलतोय, आणि आपलीच माणसं दिवसाच्या मजुरीवर तो भरून देतायत. मजुरी लागते, आम्हाला कळतं, आम्हीही भरलाय. पण आपला भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात गौण खनिजाच्या खाणीचा परवाना द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. ठेकेदाराला परवाना विचारा, ठराव कुठे झाला ते विचारा. नसेल तर गाडी थांबवा, सगळे मिळून, बाया पुढे.

भाताचे पेंढे घरात आले की आम्ही माथ्याच्या प्लॉटापासून सावडीने सुरू करणार आहोत. आजीच्या शेजारची घळ पहिली. ज्याच्याकडे पहार आहे त्याने पहार आणावी, नळी आमच्याकडे आहे. आपल्या पाड्यावर कधी यायचं ते पुढच्या बैठकीत सांगा.