कुटुंबचिंतन : तीन इंचांचे मोल

ठाणे-बेलापूर मार्गाच्या पश्चिमेस, कोपरखैरण्याला लागून बोनकोडे हे जुने गाव आहे. नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोने १९७० नंतर भोवतालची शेती-मिठागरे संपादित केली. गावठाण तेवढे जागेवर राहिले आणि त्याच्या चहूबाजूंनी सेक्टर उभे राहिले. वाशीच्या घाऊक बाजारात वा औद्योगिक पट्ट्यात पोट भरण्यासाठी सांगली-कोल्हापूरकडून आलेली कितीतरी कुटुंबे आज या परिसरात स्थिरावली आहेत. अशाच एखाद्या दोन खोल्यांच्या घरातील चोवीस वर्षांचा मुलगा वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. तो कोणी एक नव्हे. त्याच्यासारखे अनेक आहेत, म्हणूनच त्याचा विचार करावयाचा.

मुलगा अभियंता आहे, नोकरी बरी आहे, वागणे सालस आहे. उंची पाच फूट चार इंच. शाळेत असताना रांगेत पहिले उभे राहावे लागे, त्याचे त्याला फारसे काही वाटले नाही. परंतु घरात लग्नाचा विषय निघाला, परिचय संमेलनाचा अर्ज भरला गेला, आणि दोन-तीन ठिकाणांहून एकच निरोप आला : “स्थळ चांगले आहे, पण उंची जरा कमी पडते.” तेव्हापासून तो गप्प झाला. लोकलच्या डब्यात शेजारच्या माणसाच्या खांद्याशी आपला खांदा मोजू लागला. जाड तळव्याचे बूट आले. आणि एके रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने शांतपणे सांगितले, “अण्णा, मी पायांचे ऑपरेशन करून घ्यायचे म्हणतोय. तीन इंच उंची वाढते. पैसे मी साठवलेत, थोडे कर्ज काढीन.”

आईच्या हातातील भांडे तसेच राहिले. वडील म्हणाले, “वेड लागलंय का तुला?” आणि संभाषण तेथेच संपले.

ते तेथे संपावयास नको होते. कारण मुलगा जे बोलला ते कपोलकल्पित नव्हते. असे ऑपरेशन खरोखरच आहे आणि त्यामागील शास्त्रही खरे आहे. ते काय आहे हे जाणून घेतल्याशिवाय आई-वडिलांच्या नकाराला वजन येत नाही आणि मुलाच्या होकारालाही अर्थ येत नाही.

या शास्त्राचा उगम सैबेरियातील कुर्गान या शहरात आहे. तेथील गाव्रील इलिझारोव्ह या शल्यचिकित्सकाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात, मोडलेल्या आणि न जुळणाऱ्या हाडांसाठी १९५१च्या सुमारास एक साधन सिद्ध केले. हाडातून आरपार बारीक तारा घालावयाच्या, त्या बाहेरच्या धातूच्या कड्यांना ताणून बांधावयाच्या आणि कडी दांड्यांनी एकमेकींस जोडावयाची. आरंभी सायकलच्या चाकाचे आरेही या कामी वापरले गेल्याचे सांगतात. पुढे त्यांच्या ध्यानात आले, की हाड कापून त्याची दोन टोके अगदी सावकाश एकमेकांपासून दूर नेली, तर मधल्या पोकळीत नवे हाड तयार होत जाते. उंच उडीतील ऑलिंपिक विजेता व्हालेरी ब्रुमेल याचा पाय १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात चिरडला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही तो बरा होईना, तेव्हा इलिझारोव्ह यांनी त्याला पुन्हा चालते केले. १९८१ साली इटलीतील एका परिषदेनंतर ही पद्धत पश्चिमेकडील देशांत पोहोचली आणि नंतर जगभर पसरली.

या पद्धतीने असंख्य लोकांवर उपकार केले आहेत, हे प्रथम नमूद केले पाहिजे. जन्मतःच एक पाय आखूड असलेली बालके, अपघातात हाडाचा तुकडा गमावलेले तरुण, हाडात पू होऊन ते झिजलेले रुग्ण, पोलिओने लंगडणारे लोक यांच्यासाठी ते वरदान आहे. तेथे वेदना सोसून मनुष्य अपंगत्वातून बाहेर येतो. प्रश्न उभा राहतो तो दोन्ही पाय धडधाकट असताना, केवळ उंचीसाठी ते कापून घेण्याचा.

कापून घेणे हा शब्द कठोर वाटेल, पण तो यथार्थ आहे. मांडीचे किंवा नडगीचे हाड दोन्ही पायांत मुद्दाम तोडले जाते. पाच-सात दिवस थांबून मग ताण देणे सुरू होते : दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, तोही चार वेळा विभागून, प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर. तीन इंच म्हणजे साडेसात सेंटीमीटर. याचा अर्थ अडीच महिने केवळ ताणण्यात जातात. तोवर तयार झालेले हाड मऊ असते. ते पक्के होण्यास प्रौढ माणसाला एका सेंटीमीटरमागे साधारण एक ते दीड महिना लागतो. एकंदर हिशेब आठ-दहा महिन्यांवर आणि कधी वर्षावर जातो. अलीकडे बाहेरच्या कड्यांऐवजी हाडाच्या आत बसवावयाचे, बाहेरून चुंबकाने लांबविता येणारे दांडे निघाले आहेत. त्यांनी त्वचेतून जाणाऱ्या तारांचा त्रास वाचतो. खर्च मात्र बराच वाढतो. यांतील एका प्रकारचे दांडे २०२१ साली हाडावर व धातूवर दिसलेल्या दुष्परिणामांमुळे उत्पादकांना बाजारातून परत घ्यावे लागले. म्हणजे साधन नवे झाले तरी धोका संपला, असे झालेले नाही.

शिवाय हाड वाढते म्हणून स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या तितक्याच सहजपणे वाढत नाहीत. त्या ओढल्या जातात. टाचेमागचा स्नायुबंध ताठरून पाऊल खाली वळते, टाच जमिनीला टेकेनाशी होते. गुडघा पूर्ण सरळ होत नाही किंवा पूर्ण वाकत नाही. तारांच्या जागी जंतुसंसर्ग होतो. नसेवर ताण येऊन पायाला मुंग्या येतात, क्वचित पाऊल उचलता येत नाही. हाड वेळेआधी जुळते किंवा मुळीच जुळत नाही, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. हाडातील चरबीचे कण रक्तातून फुप्फुसात जाऊन जिवावर बेतण्याचीही शक्यता असते. रोजचा व्यायाम चुकवून चालत नाही आणि तो व्यायाम वेदनेविना होत नाही. चीनमध्ये अशा शस्त्रक्रियांतून इतके तरुण अधू झाले, की २००६ साली तेथील आरोग्य मंत्रालयाने केवळ सौंदर्यासाठी त्या करण्यास मनाई केली.

सर्व काही सुरळीत पार पडले, तरी मिळते ते काय? बोनकोड्याच्या मुलाने स्वतःला विचारावे : आज जो पाय कोपरखैरणे स्थानकाचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो, जो पाय शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना एका दिवसात करू शकतो, जो गुडघा पद्मासनात सहज दुमडतो, तो पणाला लावावा इतके मोल या तीन इंचांचे आहे काय?

आपल्याच देशात २०१६ साली हैदराबाद येथे घडलेली घटना अनेकांच्या स्मरणात असेल. सॉफ्टवेअर क्षेत्रातील एका तरुणाने घरी न कळविता ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्याची उंची त्या वेळी पाच फूट सात इंच होती, म्हणजे भारतीय पुरुषांच्या सरासरीहून अधिक. आई-वडिलांना कळले ते शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर. प्रकरण राज्य वैद्यक परिषदेपर्यंत गेले. सज्ञान मुलाने स्वतःच्या शरीराचा निर्णय घेतला, हे कायद्याने खरे. पण त्या घरात मुलाला हे बोलावेसे का वाटले नाही, हा प्रश्न कायद्याच्या पलीकडचा आहे.

आणि येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पाच फूट सात इंच असलेल्यालाही आपण ठेंगणे वाटतो, तेव्हा कमतरता हाडात नसते. शरीरातील एखाद्या उणिवेने, तीही इतरांना न दिसणाऱ्या, मन अहोरात्र व्यापून जाणे हा मनाचा एक आजार आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यावर उपचार आहेत. अशा रुग्णाची उंची वाढविली तरी असमाधान बहुधा दुसरीकडे सरकते : आता हात आखूड वाटतात, चेहरा बरा वाटत नाही. म्हणूनच जबाबदार शल्यचिकित्सक अशा शस्त्रक्रियेपूर्वी मानसिक तपासणीचा आग्रह धरतात. मुलगा फार गप्प झाला असेल, झोप उडाली असेल, तर केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

याच्या दुसऱ्या टोकाला भोंदू उपाय आहेत. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मुलींमध्ये साधारण सोळाव्या आणि मुलांमध्ये अठराव्या वर्षाच्या आसपास मिटतात. त्यानंतर कोणतेही चूर्ण, गोळी वा लोंबकळणे उंची वाढवू शकत नाही. १९५४ सालच्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेह यांच्या पंक्तीत मनुष्याच्या उंचीचाही समावेश आहे. उंची वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करणे हा सत्तर वर्षांपासून गुन्हा आहे, तरी जाहिराती चालूच आहेत. त्या चालतात, कारण घराघरांत त्यांचे गिऱ्हाईक तयार केले जाते.

हे गिऱ्हाईक कोण तयार करतो, हा खरा प्रश्न आहे. शास्त्रात शरीराच्या घडणीला संस्थान म्हटले आहे आणि त्याचे समचतुरस्रापासून वामन, हुंडक यांपर्यंत सहा प्रकार सांगितले आहेत. ही घडण नामकर्माच्या उदयाने मिळते, आणि नामकर्म हे अघाती कर्म आहे. आत्म्याच्या ज्ञान-दर्शनादी गुणांचा ते घात करीत नाही. सहांपैकी कोणत्याही संस्थानाच्या देहात केवलज्ञान होऊ शकते. केवलज्ञानाला जो देह चालतो, तो परिचय पत्रिकेला मात्र चालत नाही! आठ मदांमध्ये शरीराचा मद गणला आहे. उंचाने उंचीचा गर्व करणे हा जसा मद, तसे ठेंगण्याने उंचीपायी खालची मान घालून जगणे ही त्याच मदाची सावली आहे. भरतापेक्षा बाहुबली पंचवीस धनुष्ये उंच होते आणि त्या उंचीने दृष्टियुद्ध-जलयुद्धात विजयही मिळाला, असे पुराण सांगते. पण श्रवणबेळगोळची सत्तावन्न फुटांची मूर्ती त्या विजयाची नाही. विजय हाती आल्यावर त्याचे पोकळपण ओळखून सर्वस्व सोडणाऱ्या तपस्व्याची ती आहे.

व्यवहारातील दाखलाही दूर नाही. सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर हे मुंबईचे दोन फलंदाज पाच फूट पाच इंचांच्या आसपासचे; जगातील उंचच उंच गोलंदाजांना दोघांनी वर्षानुवर्षे तोंड दिले. तथापि मुलाला असे दाखले देऊन गप्प करणे हा उपाय नव्हे. “ते मोठे लोक होते, मला साधे लग्न करायचे आहे,” असे तो म्हणेल आणि ते चुकीचे ठरणार नाही. त्याचे दुःख त्याला झालेल्या नकारांचे आहे, आणि ते नकार खरे आहेत.

म्हणून वडिलांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावे. “वेड लागलंय का” याऐवजी “तुला हे केव्हापासून वाटतंय रे?” असे विचारावे. मुलाने जमविलेली माहिती सोबत बसून वाचावी. ही शस्त्रक्रिया ज्यांना विकावयाची नाही अशा अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. ज्यांनी ती करून घेतली त्यांना पहिल्या महिन्याचे नव्हे, पाचव्या वर्षाचे विचारावे. आणि निर्णयाला सहा महिन्यांची मुदत द्यावी. जे हाड आज कापता येते ते सहा महिन्यांनीही कापता येईल, कापलेले मात्र पूर्ववत करता येणार नाही. एवढे होऊनही सज्ञान मुलाचा निश्चय कायम राहिला, तर तो त्याचा अधिकार आहे. पण तेव्हा तो एकटा रुग्णालयात जाणार नाही.

बोनकोड्याच्या त्या घरात असे बोलणे झाले, असे समजू या. मुलाने सर्व काही सांगितले आणि शेवटी कपाटातून एक कागद काढून वडिलांपुढे ठेवला. तो त्याचा नव्हता, त्याच्या बहिणीचा बायोडाटा होता. वडिलांनीच गेल्या वर्षी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेला. अपेक्षांच्या रकान्यात पहिली ओळ होती : मुलगा किमान पाच फूट आठ इंच.

“अण्णा, आपण पण किती जणांना नाही म्हणालो असू,” मुलगा म्हणाला.

वडील बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मुलीला हाक मारून त्यांनी विचारले, “अक्का, ही अट तुझी होती का?” ती म्हणाली, “मला कोणी विचारलंच नव्हतं.” मग त्यांनी खिशातील पेन काढून ती ओळ खोडली.

एका ओळीने मुलाची उंची वाढली नाही, आणि त्याचा प्रश्नही त्या रात्री सुटला नाही. परंतु परिचय संमेलनाच्या अर्जातील उंचीचा रकाना प्रत्येक घराने असाच एकदा डोळसपणे वाचावा. तेथे दुसऱ्याच्या मुलासाठी लिहिलेला आकडा कोठेतरी एखाद्या मुलाला शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत नेत असतो. आणि तो मुलगा आपल्याच घरातील नसेल, याची खात्री कोणालाही देता येत नाही.