दुर्बीण तपासा, पण डोळा लावून नव्हे

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, सूर्यास्ताच्या सुमारास खंडग्रास ग्रहण लागले होते. वाचकांना ते आठवत असेल. त्या ग्रहणापायी माझ्याकडे एकच रुग्ण आला आणि तोही ग्रहणाच्या तीन दिवस आधी!

हे गृहस्थ माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे. मुलांना ग्रहण दाखवावे, जमल्यास फोटोही घ्यावेत, म्हणून त्यांनी ओळखीतून ६० मिलिमीटरची जुनी दुर्बीण आणली. मुलांच्या आधी आपण तपासून घ्यावी, या सद्हेतूने भर दुपारी गच्चीवर डोळा लावला. डोळ्याकडच्या भिंगाला बसवायची छोटी काळी काच पेटीतच होती, वर 'सन' असे छापलेले. दोनएक मिनिटांत 'टक्' असा आवाज झाला आणि काच तडकली. सरांनी डोळा लगेच बाजूला घेतला. दुखले काहीच नाही. रात्री वर्तमानपत्र वाचताना मात्र उजव्या डोळ्याने ज्या अक्षराकडे बघावे तेच गायब, आजूबाजूची शाबूत!

"डॉक्टर, दुखत नाही, म्हणजे विशेष काही नसेल ना?" असे त्यांनी विचारले. खरी मेख इथेच आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, वेदना कळत नाही. भाजते तेव्हा समजत नाही, काही तासांनी दिसेनासे होते तेव्हा समजते. उन्हात आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते. ६० मिलिमीटरचे भिंग तिच्या किमान चारशे पट प्रकाश गोळा करते. तो सारा प्रकाश एकवटतो नेमका त्या छोट्या काचेपाशी. ती तापणार आणि तडकणारच. अशी काच आजही कोणाच्या पेटीत असेल तर ती हातोडीने फोडून टाकावी, हे माझे स्पष्ट मत आहे. नुसती बाजूला ठेवली तर उद्या घरातला एखादा मुलगा ती शोधून काढील.

आमच्या व्यवसायातले काहीजण म्हणतात, सूर्याकडे बघायचेच कशाला? मला हे पटत नाही. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. सूर्यावरचे डाग मी स्वतः दुर्बिणीतून पाहिले आहेत आणि मुलांनीही ते पाहावेत. फक्त फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, मोठ्या भिंगाच्याही पुढे हवा. डोळ्याने पाहायचा फिल्टर प्रकाशाचा लाखावा भागच आत सोडतो. फोटोसाठी मिळणारी पातळ चंदेरी फिल्म सुमारे सहा हजारावा भाग सोडते. दिसायला दोन्ही सारख्याच! त्यामुळे फोटोची फिल्म लावलेल्या दुर्बिणीला चुकूनही डोळा लावू नये. कॅमेऱ्यातसुद्धा वरच्या खिडकीतून न पाहता मागच्या पडद्यावर पाहावे.

तपासणीही सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या बॅटरीसमोर फिल्टर धरून फिरवावा. टाचणीच्या टोकाएवढा जरी उजेडाचा ठिपका दिसला तरी तो बाद. मग तो दुर्बिणीवर घट्ट बसवून चिकटपट्टी लावावी आणि हलवून बघावे. वाऱ्याच्या एका झोताने निसटणारा फिल्टर नसल्यासारखाच. बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण घालावे. हे बहुतेक जण विसरतात. त्यानंतर दुर्बीण सूर्याकडे वळवून डोळ्याच्या जागी पांढरा कागद धरावा. कागदावर उजेडाची लखलखीत चकती उमटली तर फिल्टर नापास. कागद जळाला तरी चालेल, डोळा दुसरा मिळत नाही.

घरच्या तपासणीला एक मर्यादा आहे. सूर्याचे अदृश्य किरण, म्हणजे अतिनील आणि अवरक्त, आपल्याला घरी मोजता येत नाहीत. काच काळी दिसते म्हणून ती सुरक्षित, असे अजिबात नाही. जुना एक्स-रे, काजळी धरलेली काच, सीडी यांवर विसंबून कित्येकांनी डोळे धोक्यात घातले आहेत. ग्रहणाचे कागदी चष्मे नुसत्या डोळ्यांसाठी असतात. ते घालून दुर्बिणीत डोकावणे म्हणजे शुद्ध आत्मघात. म्हणून माहीतगार उत्पादकाचा, प्रमाणपत्र असलेलाच फिल्टर घ्यावा. तो मिळेना, तर शाळेने कार्यक्रम दुर्बिणीविना करावा. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर सूर्याचे बिंब पाडता येते. त्याला खर्च नाही, मुलांना गंमतही वाटते.

सरांना औषध काय दिले, असे वाचक विचारतील. अशा इजेवर खात्रीचा उपाय नाही, वाट पाहावी लागते. सहा महिन्यांत त्यांची नजर बरीच सुधारली, पण मधला बारीक डाग राहिला तो राहिलाच. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला शाळेत बोलावले. पुढच्या तोंडावर नवा फिल्टर, मागे मोबाईल लावलेला, आणि पडद्यावर सूर्याचे डाग मोजणारी आठवीची मुले. सर स्वतः मात्र डाव्या डोळ्यासमोर हात धरून, उजव्याने पडद्यावरचा एक डाग शोधत होते.