गल्ल्यामागचं सर्टिफिकेट

बेळगावात कॉलेज करताना दोन वर्षं मी एका हॉटेलात टेबलं पुसली. दरवर्षी सगळ्या पोरांचे फिटनेसचे दाखले गठ्ठ्यानं यायचे. डॉक्टरनं आम्हाला कधी बघितलंच नाही. टायफॉइडची लस तर लांबच. खरं सांगतो, खाडा वाचला म्हणून मलाही तेव्हा बरंच वाटलेलं.

2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली परवाना असलेल्या हॉटेलात दर 25 कामगारांमागं एक ‘फॉस्टॅक’ प्रशिक्षण घेतलेला सुपरवायझर लागतो. बाकीच्यांना शिकवायचं कामही त्याचंच. आमच्याकडं ते सर्टिफिकेट मालकाच्या भावाचं. फ्रेम करून गल्ल्यामागं टांगलेलं. भाऊ गल्ल्यावर, आणि आत कोंबडी कापलेल्या सुरीनंच कोशिंबिरीचा कांदा चिरायचा. एकदा जुलाब लागलेला पोरगा दिवसभर चटणी वाटत होता. आजाऱ्यानं अन्नाला हात लावायचा नाही हा नियम आहेच की! पण घरी बसला तर हजेरी कापणार.

मालकांनो, ती हजेरी भरा. आणि शिकवायचं ते भट्टीपाशी बोलतात त्या भाषेत शिकवा, कन्नड असो वा मराठी. हॉटेलात राबणाऱ्या पोरांनो, तपासणीशिवाय आलेल्या दाखल्यावर सही करू नका.