अनित्यता कोणी कोणाला सांगावी?

जपानी कवी कामो नो चोमेई याने १२१२ साली लिहिलेल्या ‘होजोकी’ या छोट्याशा गद्य पुस्तकाची सुरुवात वाहत्या नदीने होते. ती इतकी गाजली की बहुतेकांच्या लेखी होजोकी म्हणजे तेवढेच. भिंतीवरच्या कॅलेंडरला शोभेल असे, मन निववणारे काहीतरी. अनित्यतेवरच्या एकूण बौद्ध कवितेचेच आपण असे करून ठेवले आहे. गळते पान, विरते धुके आणि शेवटी ‘सोडून द्या’ हा सल्ला. चोमेईची पुढची पाने वाचली तर हा सल्ला टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. जे राहणार नाही त्याच्याकडे तो पाठ फिरवत नाही. ते कसे गेले, कोणाचे गेले आणि कोणाच्या निर्णयामुळे गेले, हे तो नोंदवून ठेवतो.

त्याने नोंदवलेली संकटे पाच. ११७७च्या आगीत राजधानी क्योटोचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला. ११८० साली वावटळीने घरे उडवली, आणि त्याच वर्षी राजधानी फुकुहाराला हलवण्यात आली. लोकांनी आपापली घरे उकलली आणि त्यांचे लाकूड योदो नदीतून खाली सोडले. घरांच्या जागी शेते झाली. काही महिन्यांतच दरबार क्योटोला परतला, पण मोडलेली घरे पूर्ववत उभी राहिली नाहीत. मग दुष्काळ. माणसे स्वतःचे घर मोडून त्याचे सरपण बाजारात विकू लागली, आणि त्या भाऱ्यातून एका दिवसाची गुजराणही होईना. त्या सरपणात लाल रंगाचे, सोन्याचा वर्ख लागलेले तुकडे दिसू लागले. चौकशी केल्यावर कळले की जुन्या देवळांतल्या बुद्धमूर्ती चोरून, फोडून लोक विकत होते. निन्नाजी मठातल्या एका भिक्षूने रस्त्यावरच्या प्रेतांच्या कपाळी ‘अ’ हे संस्कृत अक्षर लिहीत दोन महिन्यांत मोजणी केली. शहराच्या पूर्व भागातच आकडा ४२,३०० पार गेला. आणि ११८५ साली भूकंप. पाणी, आग, वारा हे नेहमीच नुकसान करतात, पण जमीन तरी स्थिर असते, हा भरवसाही त्या वेळी गेला. अशी तपशीलवार मोजदाद वैराग्याने येत नाही. तिला आस्था लागते.

यात राजकारणही आहे. राजधानी हलवण्याचा प्रसंग चोमेई निसर्गाच्या कोपाबरोबर मांडतो, पण त्याला दैव म्हणत नाही. तिथे तो प्राचीन राजांची आठवण काढतो: ते आपल्या महालावर गवत शाकारत आणि वळचणीची टोकेसुद्धा कातरत नसत, प्रजेच्या चुलींचा धूर विरळ दिसला की कर माफ करत. आजचे राज्यकर्ते कसे वागतात ते वाचकाने ताडावे, एवढेच तो सुचवतो. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या दरबारी कवीच्या मानाने हे थोडेथोडके नाही. त्याच्या डोळ्यांदेखत झालेल्या तायरा आणि मिनामोतो या घराण्यांमधल्या युद्धाबद्दल मात्र तो जवळजवळ गप्प आहे, आणि ती उणीव मान्य केली पाहिजे. पण भूकंपानंतर काही काळ सगळे जगाच्या असारतेबद्दल बोलत होते आणि वर्षे लोटल्यावर कोणी त्याचे नावही काढेना, ही त्याची तक्रार पाहा. अनित्यतेच्या नावाने विसरून जाण्याला त्याचा विरोध आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चोमेई शिमोगामो देवस्थानाच्या पुरोहित घराण्यातला, निवृत्त सम्राट गो-तोबाच्या काव्यमंडळातला. हवे ते पद मिळाले नाही म्हणून पन्नाशीत संन्यास घेतला आणि पुढे हिनोच्या डोंगरात दहा बाय दहा फुटांची झोपडी बांधली. तीही उकलून दोन गाड्यांत भरता येईल अशी, आत अमिताभ बुद्धाचे चित्र, कवितांची पुस्तके, बिवा आणि कोतो ही वाद्ये. दहा बाय दहाची खोली ज्यांच्या वाट्याला नाइलाजाने येते, त्यांना यात काय दिलासा? काहीच नाही, आणि चोमेई तो देऊही पाहत नाही. झोपडीचे माप त्याने बौद्ध ग्रंथातल्या वैशालीच्या विमलकीर्ती या गृहस्थ उपासकाच्या खोलीवरून घेतले. ही निवड त्याची स्वतःची, स्वतःपुरती. वसंतातली फुले, पावश्यासारखा उन्हाळी पक्षी, हिवाळ्यातले बर्फ यांचे वर्णन तो इतके रंगून करतो की शेवटी त्यालाच शंका येते: या झोपडीचा लळा हीसुद्धा आसक्तीच नव्हे काय? स्वतःच्या मनाला विचारलेल्या या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तो नामस्मरण करतो आणि लेखन थांबवतो. निसर्गात गेले की माणूस मुक्त होतो, ही सोपी समजूत तो स्वतःच खोडून काढतो. मला होजोकीचा सर्वांत धीट भाग हाच वाटतो.

दुसरा आक्षेप आपल्याकडे अधिक ऐकू येतो: क्षणभंगुरतेची शिकवण शोषितांना गप्प बसवते. ती तशी वापरली जाऊ शकते, यात शंका नाही. पण १९५७ साली, बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हा सिद्धांत दोन अंगांनी येतो. मालमत्तेची, नात्यांची आसक्ती सुटावी हे एक. दुसरे असे की वस्तूंचा स्वभाव अनित्य आहे म्हणूनच नवे काही घडू शकते. सगळे कायम आणि अचल असते तर वाढ आणि बदल अशक्यच ठरले असते. हे वाचताना जातिव्यवस्था डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. ती सनातन आहे असे सांगणाऱ्यांना या विचारात थारा नाही. म्हणजे अनित्यता ही जेवढी घर गमावणाऱ्याची व्यथा, तेवढीच ती सत्ताधाऱ्याला करून दिलेली जाणीवही आहे.

म्हणून हा विचार कोण कोणाला सांगतो, याला महत्त्व आहे. थेरगाथा या बौद्ध भिक्षूंच्या पाली काव्यसंग्रहाच्या आरंभी आपल्या नीट शाकारलेल्या कुटीविषयी बोलणारा सुभूती थेर असो की हिनोच्या डोंगरातला चोमेई, दोघे आपापल्या छपराखालून बोलतात. आपत्तीनंतर बेघरांना धीराच्या दोन गोष्टी सांगायला जाणाऱ्यांनी चोमेईसारखी आधी मोजदाद करावी: किती घरे गेली, कोणाची, कशाने. आणि पुनर्वसनाच्या फायली अडवून ठेवणाऱ्यांनी बुद्धाचा आधार घेऊ नये. तशी सोय ना होजोकीत आहे, ना आंबेडकरांच्या ग्रंथात.